तोंडी सत्तावीस, छापील नऊ

रायपूरच्या तात्यापाऱ्यात अच्युतराव खिरवडकरांना कुणी ज्योतिषी म्हटलेलं चालत नाही. चिडतात. ज्योतिषी दक्षिणा घेतो, भविष्य सांगतो आणि समोरच्याच्या बोटात अंगठ्या घालायला लावतो. अच्युतराव यांतलं काहीच करत नाहीत. ते वीज मंडळाच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं म्हणणं असं की पत्रिका हाही एक हिशेबच आहे. आकडे घाला, उत्तर काढा, आलं तसं सांगा, पुढचं ज्याचं त्यानं बघावं. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मराठी घरांमधली निम्मी लग्नं त्यांच्या मागच्या खोलीतून पास होऊन बाहेर पडली आहेत. उरलेली निम्मी तिथं नापास होऊन दुसरीकडे जुळली, आणि तीही मंडळी दिवाळीला चिवडा पाठवतात.

हा सगळा कारभार चालतो एका कॉम्प्युटरवर. छत्तीसगड राज्य झालं त्या सुमाराला घेतलेला. पडदा पुढून टीव्हीएवढा आणि मागून त्याहून मोठा. वर मीराबाईंनी विणलेलं झाकण. आत 'ग्रहदर्पण' नावाचं एक सॉफ्टवेअर, नागपूरच्या प्रदर्शनातून हौसेनं आणलेलं. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं. ते तुम्हाला विचारतं काय, तर नाव, जन्मतारीख, वेळ आणि गाव. बास. फोन नंबर मागत नाही, पासवर्ड मागत नाही, तुम्ही कसे आहात हेही विचारत नाही. मग पोटातून घर्रर्र असा आवाज काढतं, मनाला येईल तेवढा वेळ घेतं आणि उत्तर देतं. ते छापून निघतं दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर, आणि तेव्हा प्रिंटर असा किंचाळतो की शेजारचे बाबाराव टीव्हीचा आवाज वाढवतात. इतक्या वर्षांत त्या यंत्रानं अच्युतरावांना एकदाही खाली पाहायला लावलं नव्हतं. आता कुणी म्हणेल, मग गोष्ट कशाची सांगताय? तर अच्युतरावांनी त्याला सोडून दिलं, त्याची.

झालं असं की त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, इंदूच्या मुलीचं लग्न ठरत आलं. मुलगी श्रावणी, बँकेत. मुलगा लोकेश, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये इंजिनिअर. दोघांचं एकमेकांवर मन बसलेलं होतं हे अख्ख्या रायपूरला ठाऊक होतं. फक्त घरच्यांनी अजून अधिकृतपणे पाहिलं नव्हतं. मध्ये होती ती एक गोदूआजी. म्हणजे लोकेशची आजी. लोकेशला तिनंच लहानाचा मोठा केलेला. तिला दुखवून मांडवात उभं राहायचं नाही, हे दोघांचं पक्कं होतं. आणि आजीचं एकच म्हणणं: "पोट्टी चांगली आहे, पाहिली मी. पण पत्रिका जुळली पायजे."

अच्युतरावांनी आपल्या निळ्या पडद्यावर दोघांच्या पत्रिका घातल्या. छत्तीसपैकी सत्तावीस गुण. नाडी वेगळी, गण ठीक, सगळं ठीक. इंदूनं संध्याकाळपर्यंत ही बातमी बूढापाऱ्यात लोकेशच्या घरी कळवली. साखरपुड्याची तारीख निघाली. आता तो भोकाभोकाचा कागद नेऊन द्यायचा, की मामाचं काम संपलं.

तेवढ्यात बाबाराव आले. बाबारावांना आयुष्यात कुणी सल्ला मागितला नाही, म्हणून ते तो तयारच ठेवतात.

"अच्युतराव, हे कागद देणार तुम्ही त्या लोकांना?"

"काहून? काय झालं कागदाला?"

"कागदाले काही नाही झालं हो, जमान्याले झालं. आता पत्रिका पुस्तकासारखी येते. रंगीत. वर गणपती. माझ्या साडूच्या पोरीची पाहा, लोक हातात घेऊनच हव म्हणतात. अन तुम्ही रेशनच्या दुकानासारखी पट्टी देऊन राहिले! पोट्टीची काही इज्जत?"

श्रावणीची इज्जत निघाली म्हटल्यावर अच्युतराव बसल्या जागी हलले. स्वतःला कुणी जुनाट म्हटलं असतं तर त्यांनी हसून सोडलं असतं. पण भाचीच्या लग्नात मामा कमी पडला, हे मराठी मामाला कसं सोसावं?

आता घरात एक नवा लॅपटॉप होताच. मुलगा शिशिर मस्कतला असतो. त्यानं स्वतःचा, जेमतेम वापरलेला, आईबाबांसाठी पाठवला होता. त्याचा उपयोग एवढाच की रोज संध्याकाळी त्यावर शिशिरचं तोंड दिसायचं. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा मस्कतचंच राहिलं होतं. अच्युतराव ते बदलायला निघाले होते, पण मीराबाईंनी हात धरला. "राहू द्या. मला त्यात दिसतं, पोरगा आता ऑफिसला पोचला असेल, आता जेवला असेल. आपलं घड्याळ भिंतीवर आहे की." राहिलं.

तर त्या लॅपटॉपवर अच्युतरावांनी 'शुभलग्न प्लस' नावाचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. घेतलं हे एका शब्दात लिहून झालं, पण ते घेताना त्या माणसाचं काय झालं ते विचारू नका. आधी त्यानं फोन नंबर मागितला. लॅपटॉप शिशिरच्या नावावर, तिथं आधीपासून त्याचाच नंबर भरलेला, त्यामुळे ओटीपी गेला मस्कतला. अच्युतरावांनी फोन लावला.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

"मीटिंगमध्येच राहा रे, फक्त आकडा सांग."

त्यानं सांगितला, पण तोवर आकडा शिळा झाला होता. ताजा मागवला. मग सॉफ्टवेअर म्हणालं, आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा. चित्रांतले ट्रॅफिक सिग्नल ओळखा. वीज मंडळात हयात घालवलेल्या माणसाला खांब दाखवले की तो खांबावरचं सगळंच मोजायला लागतो. नापास झाले. पुन्हा सिग्नल, पुन्हा मस्कत. चौथ्या फोनला शिशिर इतकंच म्हणाला, "बाबा, इथे साहेब विचारून राहिले, सारखा फोन कुणाचा?" शेवटी दार उघडलं. आत गेल्या गेल्या सॉफ्टवेअरनं अच्युतरावांना शनी जड असल्याचं कळवलं आणि एक नीलम घेण्याविषयी सुचवलं.

पण पुस्तक मात्र झकास निघालं. चाळीस पानं. प्रत्येक पानाला वेलबुट्टी. सदर बाजारातल्या छपाईच्या दुकानात ते स्वतः स्कूटरवर जाऊन बसले, मागून हॉर्न, पुढून हॉर्न, आणि मध्ये हे मुखपृष्ठावरचा गणपती डाव्या सोंडेचा की उजव्या यावर दुकानदाराशी चर्चा करताहेत. सोनेरी काठ लावून घेतला. वर पारदर्शक कव्हर. आणि जन्मभर दुसऱ्यांच्या बेरजा दोनदा तपासणाऱ्या या गृहस्थानं ते पुस्तक आत उघडूनसुद्धा पाहिलं नाही. काय पाहायचं? सत्तावीस ते सत्तावीस. कागद रंगीत झाला म्हणून बेरीज बदलते का?

बदलते.

बूढापाऱ्यात गोदूआजींच्या दिवाणखान्यात सगळे जमले होते. इंदू नवी साडी नेसून, श्रावणी खाली मान घालून, लोकेश तिच्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करत. भिंतीवर आजोबांचा फोटो, ताजा हार. अच्युतरावांनी पुस्तक दोन्ही हातांनी आजींना दिलं. त्यांनी गणपतीला नमस्कार केला, चष्मा लावला आणि एकेक पान उलटू लागल्या. पुष्कराज, पोवळं, पन्ना, सगळी रत्नं ओलांडून त्या शेवटच्या पानावर आल्या. थांबल्या. पुन्हा वाचलं.

"अच्युतराव, हे कसं काय हो? तोंडी सत्तावीस, छापील नऊ?"

अच्युतरावांनी पुस्तक घेतलं. नऊ. चांगला मोठा, लाल, वेलबुट्टीत बसवलेला नऊ. खाली: एकनाड, गंभीर दोष, विवाह टाळावा. त्याखाली दोषनिवारण पॅकेजची जाहिरात.

"हे... काहीतरी चुकलं," अच्युतराव म्हणाले.

"कोणतं चुकलं? हे का ते?" आजींचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "पोट्टी तुमच्या घरची. म्हणून हात जरा सैल सोडला का काय?"

असं आजवर त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. सख्ख्या मेव्हण्याच्या मुलीला त्यांनी एकदा चौदा गुण सांगून जुळत आलेलं लग्न मोडलं होतं, आणि मेव्हणा दोन वर्षं बोलत नव्हता. तो माणूस आता दिवाणखान्याच्या मधोमध उभा, हातात सोनेरी काठाचं पुस्तक. साखरपुडा थांबला. आजी म्हणाल्या, "एकनाड असली का मी हव म्हणत नाही. पोरावर जीव आहे माझा." श्रावणी उठून बाहेर गेली, आणि तिच्या मागे जावं की आजीजवळ बसावं हे लोकेशला कळेना.

घरी येताना ऑटोत इंदू एक शब्द बोलली नाही. तात्यापारा आल्यावर बोलली, आणि मग थांबलीच नाही. "दादा, तुले कोणी सांगितलं होतं रंगीत करायले? चांगलं होतं ना तुझं ते भोकाचं! माझ्या पोरीचं लग्न आहे का छपाईची स्पर्धा?"

"मम्मी, रहने दो ना," श्रावणी म्हणाली. ती मराठी सगळं समजते, पण रडू आलं की हिंदीत बोलते. "मामा, आप टेंशन मत लो." भाचीनं असं म्हटल्यावर टेन्शन न घेणारा मामा अजून जन्माला यायचा आहे.

दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. समोरच्या भीमाबाई म्हणाल्या, मुलीचं आधी पिंपळाशी लग्न लावा. पिंपळाची पत्रिका कोण जुळवणार, हे त्यांनी सांगितलं नाही. बाबाराव हळू आवाजात म्हणाले, "अच्युतराव, वेळ थोडी सरकवा ना. पाच-दहा मिनिटं इकडची तिकडं. दवाखान्यातलं घड्याळ कुठं बरोबर असते? तुमच्या हातातलंच काम आहे."

"बाबाराव, तुम्ही घरी जा," अच्युतराव म्हणाले. एरवी ते बाबारावांना चहा पाजल्याशिवाय पाठवत नाहीत.

मग त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. अर्धा तास बासरी ऐकली. शेवटी एक गोड आवाज हिंदीत म्हणाला की सर, आमचं सॉफ्टवेअर शंभर टक्के अचूक आहे, पण आपल्याला हवं असेल तर नाडीदोषावर आमच्या पंडितजींकडून ऑनलाइन शांती करून मिळेल. अच्युतराव म्हणाले, शांती मले पायजे पण ती तुमच्याजवळ नाही. फोन ठेवला.

आता खरी भीती त्यांना वेगळीच होती, आणि ती ते कुणाला सांगत नव्हते. नवं चुकलं असेल तर ठीक. पण जुनंच चुकत असलं तर? इतकी वर्षं, इतकी घरं! पाऱ्यातून चालताना त्यांना प्रत्येक दारात एकेक जोडपं दिसू लागलं. या दोघांना मी बावीस सांगितले होते. त्या मुलीला नाही म्हटलं होतं. जेवण सुटलं. त्या मागच्या खोलीत जायची हिंमत होईना.

मीराबाईंनी ते पाहिलं आणि पदर खोचला. "अहो, हिशेबाची माणसं ना तुम्ही? मग तपासून पाहा की. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असं गणित घाला."

"कोणतं?"

"आपलं घाला. मीरा आणि अच्युत."

लॅपटॉपवर घातलं. सात गुण. विवाह टाळावा, झाला असल्यास त्वरित संपर्क साधा.

मीराबाईंनी पडद्याजवळ वाकून पाहिलं. "सातच? तरी मला कधीकधी वाटायचंच."

"अगं, ते चुकीचं आहे! जुन्यावर आपले एकोणीस होते!"

"एकोणीस म्हणजे काय फार झाले?" त्या म्हणाल्या, पण हसल्या. "बरं, हे राहू द्या. शिशिरची पत्रिका काढा."

शिशिरची पत्रिका पडद्यावर आली. अच्युतराव सांगू लागले, सूर्य इथं आहे, लग्नरास इथं. मीराबाईंनी विचारलं, "म्हणजे शिशिर झाला तेव्हा सूर्य कुठे होता? साध्या भाषेत सांगा."

"साध्या भाषेत म्हणजे... चांगला कासराभर वर आला होता."

"नव्हता."

"अगं, पत्रिकेत आहे."

"पत्रिकेत असेल. मी तिथं होते. तुम्ही चहाला गेला होता. खिडकीतून पहिलं ऊन नुकतं माझ्या पायांवर आलं आणि पोरगं रडलं. सूर्य उगवत होता. कासराभर वर यायला दीडेक तास लागतो." आणि बोलता बोलता त्या थांबल्या. दीड तास हा आकडा त्यांच्या रोजच्या वापरातला. रायपूरला साडेसात म्हणजे मस्कतला सहा. मग पोराला फोन लावायचा. त्यांनी लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! हा सगळ्यांना मस्कतला जन्माला घालून राहिला!"

तसंच होतं. गाव तुम्ही रायपूर लिहा नाहीतर काशी लिहा. ते सॉफ्टवेअर जन्माची वेळ मात्र लॅपटॉपच्या घड्याळावरून मस्कतची धरत होतं. प्रत्येक पत्रिका दीड तास पुढं. श्रावणी जन्मली तेव्हा चंद्र एका राशीच्या अगदी उंबरठ्यावर होता. दीड तासात तो पलीकडे गेला, आणि जाताना नाडीसकट अठरा गुण घेऊन गेला.

"माझ्यामुळे झालं हो," मीराबाई रडवेल्या झाल्या. "मीच म्हटलं होतं घड्याळ राहू द्या."

"तुझ्यामुळे सापडलं," अच्युतराव म्हणाले. "ते घड्याळ तसंच राहू दे. लॅपटॉप शिशिरला पाहायला आणला होता, तो तेवढंच काम करेल. ज्याचं काम त्यानं करावं." आणि ते उठून मागच्या खोलीत गेले. विणलेलं झाकण काढलं, बटण दाबलं, तसा पोटातून तो ओळखीचा घर्रर्र आवाज आला. पाऱ्यातली सगळी जोडपी आपापल्या दारांत सुखरूप होती. त्या माणसानं कॉम्प्युटरच्या डोक्यावरून हात फिरवला. फिरवला म्हणजे फिरवलाच, मीराबाईंनी दारातून पाहिलं आहे.

पण आपल्याला कळलं म्हणून गोदूआजींना पटतं थोडंच? अच्युतराव भोकांचा कागद घेऊन बूढापाऱ्यात गेले, घड्याळाची हकिगत सांगितली. आजींनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचा मुलगा मस्कतले आहे म्हणून तुमच्या भाचीची रास बदलली? अच्युतराव, रंगीत म्हणते नऊ. हा पांढरा म्हणते सत्तावीस. मले दोन्ही कागदच. ते यंत्र इथं आणा. माझ्यापुढं काढा, मग पाहू."

आता ते यंत्र म्हणजे काही खिशातलं पेन नव्हे. ई-रिक्षा बोलावली. एका बाजूला अच्युतराव, मांडीवर पडदा; दुसऱ्या बाजूला बाबाराव, मांडीवर प्रिंटर (ते रागावलेले होते, पण मजा चुकवणारे नव्हते); मध्ये कॉम्प्युटरचा डबा, त्याला मीराबाईंच्या जुन्या रजईत गुंडाळलेलं. सदर बाजारात रिक्षा अडकली ती अडकलीच. दागिन्यांच्या दुकानातून लोक बाहेर येऊन पाहू लागले. एका भंगारवाल्यानं सायकल आडवी लावली. "चाचा, कबाड़ में दे रहे हो क्या? मुझे दे दो."

अच्युतरावांनी मांडीवरचा पडदा आणखी घट्ट धरला. "कबाड तुझ्या घरी," ते म्हणाले, आणि नंतर त्यांना वाईट वाटलं, म्हणून म्हणाले, "भैया, काम का है अभी."

आजींच्या दिवाणखान्यात सगळं टेबलावर मांडलं. तारा जोडल्या. बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. पडदा काळाच. अच्युतरावांनी तिसऱ्यांदा दाबलं. इंदूनं डोळे मिटले. "रस्त्यात हादरे बसले," बाबाराव म्हणाले, "मी म्हटलंच होतं." ते काहीच म्हणाले नव्हते.

लोकेश नुकताच पाळीवरून आला होता, उरल्याची काळी धूळ अजून भुवयांवर. त्यानं खिशातला पेचकस काढला, गुडघ्यावर बसून मागची एक सैल झालेली तार कसून बसवली. पोटातून आवाज आला. घर्रर्र. निळा पडदा, पिवळी अक्षरं. अच्युतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसला.

"हा काही विकत नाही का?" आजींनी पडद्याकडे पाहत विचारलं. "हिरा, मोती?"

"नाही. याच्याजवळ विकायला काही नाही."

"बरं आहे मग. आधी माझी काढा. आर्वी गावचा जन्म." त्यांनी तारीख, वेळ सांगितली. "माझी रास, नक्षत्र, चरण, सगळं मले तोंडपाठ आहे. पाहू काय म्हणते."

यंत्रानं वेळ घेतला. आजी पुटपुटत होत्या. मग अच्युतरावांनी वाचलं आणि आजी प्रत्येक शब्दाला मान हलवत गेल्या. रास तीच, नक्षत्र तेच, चरणसुद्धा तोच. "हा खरं बोलते," त्या म्हणाल्या. इंदूनं डोळे उघडले. श्रावणीनं पहिल्यांदा मान वर केली.

"आता पोरांचं काढू?" अच्युतरावांनी विचारलं.

"थांबा." आजींनी फोटोकडे पाहिलं. "आमचं कोणी जुळवलंच नव्हतं. माझ्या वडलांनी पोरगा रेल्वेत नोकरीवर पाहिला अन हव म्हटलं. आता हा खरं बोलते, तर यांचं अन माझं एकदा काढा ना. मले वाटते बत्तीस-तेहतीस तरी असतील. माणूसच तसा होता." त्यांना आजोबांची तारीखवेळही पाठ होती.

घर्रर्र झालं. अच्युतरावांनी उत्तर पाहिलं आणि पुन्हा एकदा पाहिलं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. इंदू, श्रावणी, दारात टेकून उभा लोकेश. एक आकडा. कुणाला कळणार होतं? निळ्या पडद्यावरची बारीक पिवळी अक्षरं आजींना दिसत नव्हती. बत्तीस म्हटलं असतं की म्हातारी खूश, भाचीचं लग्न पक्कं, सगळे पेढे खाऊन घरी. आणि खरं सांगितलं तर आजी या यंत्राला पुन्हा दारात उभं करणार नाही.

अच्युतरावांनी एकदा श्रावणीकडे पाहिलं. मग वाचलं.

"अकरा, आजी." थोडं थांबून, "आणि एकनाड."

बाबारावांनी कपाळावर हात मारला.

"अकरा?" आजी म्हणाल्या. "नीट पाहिलं?"

"दोनदा पाहिलं."

आजी उठल्या, फोटोजवळ गेल्या. मग बोलल्या त्या फोटोशीच.

"अकराच होते का हो?" आणि वळून सगळ्यांना सांगू लागल्या, जसं काही ही बातमी सगळ्या पाऱ्यात पोचवायची होती. "यांनी मले सायकल शिकवली. रेल्वे कॉलनीच्या मैदानावर, नऊवारीत, सगळी कॉलनी हसून राहिली होती, अन हे कॅरिअर धरून मागं पळत. मले टायफॉइड झाला, तेव्हा माझी वेणी हेच घालत. वाकडी घालत, पण रोज घालत. आवाज म्हणून चढवला नाही कधी. अन मी जन्मभर समजत राहिली, माझं नशीब चांगलं, गुण जुळले असतील." त्यांनी पदरानं फोटोची काच पुसली, पुसायची गरज नव्हती तरी. "अकरा गुणांत केलं हो त्यानं हे सगळं. बिचाऱ्यानं."

श्रावणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या वेळी ती हिंदीतसुद्धा काही बोलली नाही.

आजी परत येऊन बसल्या. "पोरांचं किती म्हणता तुम्ही?"

"सत्तावीस. आता काढून दाखवतो, तुमच्यासमोर."

"नका काढू," आजी म्हणाल्या. त्यांनी श्रावणीला हाताला धरून जवळ बसवलं आणि दारातल्या नातवाकडे पाहिलं, तसाच धुळीनं माखलेला, हातात अजून पेचकस. "लोकेश, तुले सत्तावीस भेटून राहिले. त्याच्यावर बसून राहू नको. त्या अकरावाल्याचं पाहून शिक."